द्वेषमूलक गुन्ह्यांची पोलिसी नोंद : रायपूरच्या अनुभवावरून

(रायपूर येथे मराठी भाषक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात अनुवादाचे काम पाहणाऱ्या एका साथीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. — संपादक)



मी वक्ता नाही, अनुवादक आहे. इंग्रजी आणि हिंदी कागद मराठीत आणणे हे माझे रोजचे काम. त्यांत ठराव असतात, लेख असतात, आणि अलीकडच्या वर्षांत पोलिसांचे कागदही पुष्कळ असतात : प्रथम सूचना रिपोर्ट, आरोपपत्रे, आपल्या शिष्टमंडळांच्या अहवालांना जोडलेल्या प्रती. अनुवादकाला इतर वाचकांपेक्षा हळू वाचावे लागते. त्यामुळे कागदावर काय लिहिले आहे याच्याइतकेच काय लिहिलेले नाही हेही त्याच्या नजरेला पडते. आज जे सांगणार आहे ते या हळू वाचण्यातून आलेले आहे. त्याला फार मोठ्या सिद्धान्ताचे नाव देण्याचे कारण नाही.

येथून तासाभराच्या वाटेवर आरंग आहे. तेथील महानदीच्या पुलाखाली ७ जून २०२४ च्या पहाटे तीन माणसे सापडली. उत्तर प्रदेशातून आलेली, ट्रकमधून म्हशी घेऊन जाणारी, धर्माने मुसलमान. एक त्याच दिवशी पुलाखाली मृतावस्थेत मिळाला, दुसऱ्याचाही त्याच दिवशी अंत झाला, तिसरा काही दिवस इस्पितळात मृत्यूशी झगडून १८ जूनला गेला. आरंभी पोलिसांनी भारतीय दंड संहितेची ३०४ आणि ३०७ ही कलमे लावली, म्हणजे सदोष मनुष्यवध आणि खुनाचा प्रयत्न. जुलैत पाच जणांवर आरोपपत्र दाखल झाले. आरोपींनी ट्रकचा सुमारे ५३ किलोमीटर पाठलाग केला, वाटेत ट्रकवर वस्तू फेकल्या, आणि घाबरून त्या तिघांनी पुलावरून उड्या घेतल्या, असे पोलिसांचे म्हणणे. खुनाचे कलम ३०२ त्या आरोपपत्रात आले नाही. मृतांपैकी एकाच्या नातेवाइकाने मात्र सांगितले की, त्या रात्री फोन चालू राहिला होता आणि मारहाण होत असलेल्या माणसाचा आक्रोश आपण ऐकला.

त्या पुलावर नेमके काय घडले याचा निवाडा न्यायालय करील. आपला आजचा प्रश्न त्याहून लहान आहे आणि माझ्या मते त्याहून दूरगामी. तीन माणसे मेली, हे सरकारी आकडेवारीत उतरेल. रात्रीच्या अंधारात ५३ किलोमीटर त्यांचा पाठलाग का झाला, हे कोणत्या रकान्यात उतरेल? पाठलाग करणाऱ्यांना ट्रकमध्ये काय आहे आणि ट्रक चालवणारे कोण आहेत याच्याशी कर्तव्य होते. पोलिसांचेच म्हणणे खरे मानले तरी हे नाकारता येत नाही. आणि नेमके तेवढेच नोंदीतून गळून जाते.

हे गळणे कसे होते, ते ठाण्याच्या टेबलापासून पाहू.

महाराष्ट्रातून येथे आलेल्या साथींना छत्तीसगढच्या पोलिसी हिंदीची सवय व्हायला वेळ लागतो. आपल्याकडे ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते, येथे ‘मर्ग कायम’ होतो. आपल्याकडे स्टेशन डायरी, येथे ‘रोजनामचा’. आपण ज्याला अदखलपात्र गुन्हा म्हणतो त्याच्या नोंदीला येथील जुने मुन्शी अजूनही ‘अदम चेक’ म्हणतात. आरोपपत्राला ‘चालान’. (१९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरहून चालत होता, तरी दोन्ही ठिकाणच्या ठाण्यांची भाषा अशी वेगळी राहिली, ही गंमत वाटते.) परंतु दोन्ही भाषांतील ठाण्यांत एका बाबतीत पूर्ण एकमत आहे. येथे ‘आपसी रंजिश’, तेथे ‘पूर्ववैमनस्य’. येथे ‘दो पक्षों में विवाद’, तेथे ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची’. हे शब्द मी इतक्या वेळा भाषांतरित केले आहेत की, आता ते वाचताच हात थबकतो. ज्या वैमनस्याचा आरंभ कधी झाला, कशावरून झाला, त्या दोन माणसांची आधी ओळख तरी होती काय, याचा कागदावर मागमूस नसतो, ते पूर्ववैमनस्य कसले?

एक अनुभव सांगतो. येथे नव्हे, दुसऱ्या एका जिल्ह्यात, एका बांधकाम मजुराबरोबर मी ठाण्यावर गेलो होतो. त्याला बाजारात चौघांनी मारले होते. त्याचे म्हणणे साधे होते : आधी नाव विचारले, मग मारले. लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने ऐकून घेतले आणि लिहिले की, गाडी लावण्यावरून वाद झाला. मजुराकडे गाडी नव्हती, सायकलही नव्हती. मी ते वाचून दाखवले आणि ‘नाव विचारले’ हे वाक्य घालावे अशी विनंती केली. तो कर्मचारी चिडला नाही. तो थकलेला होता. म्हणाला, “धारा तो वही लगेगी, इससे क्या फ़र्क पड़ता है?” त्या दिवशी माझ्याजवळ नीट उत्तर नव्हते. ते वाक्य काही लिहिले गेले नाही, आणि सही मजुराने केली. आजच्या व्याख्यानात मी, एका अर्थाने, त्या कर्मचाऱ्याला उशिरा उत्तर देत आहे.

फरक असा पडतो. ठाण्यातली नोंद राज्याच्या गुन्हे अभिलेख विभागाकडे जाते, तेथून दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे. हा विभाग १९८६ साली स्थापन झाला. त्याचा वार्षिक ग्रंथ ‘क्राइम इन इंडिया’ त्याच्याही आधीपासून, १९५३ सालापासून निघतो. संसदेतले प्रश्न, पोलिसांची पदे, विशेष न्यायालये, भरपाईच्या योजना या सर्वांचा आधार हाच ग्रंथ. त्याच्या मोजणीचा एक नियम आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. एका प्रथम सूचना रिपोर्टात अनेक कलमे असली तर त्यांपैकी सर्वांत गंभीर कलमाखाली तो गुन्हा एकदाच मोजला जातो. म्हणजे असे पाहा : एखाद्या ठाण्याने प्रामाणिकपणे खुनाचे कलम लावले आणि त्याबरोबर समाजासमाजांत वैर पसरवल्याचे, आजच्या न्याय संहितेतील १९६ वे कलमही लावले, तर मोजणीत खून राहतो आणि वैर नाहीसे होते. फौजदार प्रामाणिक असला तरी तक्ता त्याचा प्रामाणिकपणा खाऊन टाकतो. म्हणून हा प्रश्न केवळ पोलिसांच्या वृत्तीचा नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपण सभेत ‘पोलीस पक्षपाती आहेत’ एवढे म्हणून थांबतो. त्यात तथ्य असते, पण त्याने तक्ता बदलत नाही.

२०१७ साली या विभागाने एक पाऊल पुढे टाकले होते. जमावाच्या हातून झालेल्या हत्या, गोरक्षणाच्या नावावरील हिंसा, द्वेषमूलक गुन्हे यांची माहिती राज्यांकडून मागवण्यात आली. त्या वर्षाचा ग्रंथ रखडत रखडत ऑक्टोबर २०१९ मध्ये बाहेर आला. त्यात ही माहिती नव्हती. त्याच ग्रंथात ‘राष्ट्रविरोधी घटकां’च्या गुन्ह्यांसाठी मात्र नवे वर्गीकरण आले होते. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत सांगितले की, या गुन्ह्यांची व्याख्या झालेली नसल्याने जमा झालेली माहिती विश्वसनीय नव्हती, म्हणून ती गोळा करणेच थांबवले.

या उत्तराचा आपण रागाने नव्हे, बारकाईने विचार केला पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. व्याख्या नव्हती, हे खरे. प्रत्येक राज्याने आपापल्या समजुतीने आकडे पाठवले असतील आणि ते एकमेकांशी जुळले नसतील, हेही शक्य आहे. पण माहिती सदोष निघाली तर व्याख्या करावयाची असते. मोजमापाची पट्टी वाकडी निघाली म्हणून कोणी कापड मोजणे सोडून देत नाही, नवी पट्टी आणतो.

दुसरे असे की, हेतू मोजता येत नाही हा युक्तिवाद याच ग्रंथाच्या पानांवर खोटा ठरतो. त्यात खुनांच्या हेतूंचा स्वतंत्र तक्ता वर्षानुवर्षे छापला जातो. २०२२ साली देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्यांपैकी ९,९६२ वादांतून, ३,७६१ वैयक्तिक वैर किंवा शत्रुत्वातून, १,८८४ लाभासाठी. हुंडा, प्रेमप्रकरण, जादूटोणा यांना रकाने आहेत. जातीय व धार्मिक कारणालाही रकाना आहे. दंगलींच्या तक्त्यातही धार्मिक, जातीच्या, शेतीच्या, राजकीय अशा कारणांनी विभागणी केलेली असते, आणि २०२२ साली त्यांत धार्मिक दंगलींची संख्या २७२ दिली आहे. मग प्रेमप्रकरणातून खून झाला हे ज्या फौजदाराला कळते, त्याला नाव विचारून मारले हे कळत नाही काय? कळते. परंतु पहिला हेतू लिहिल्याने कोणी वर बोलावून घेत नाही.

आणि आरंगसारखे प्रकरण तर खून म्हणून नोंदलेच गेले नाही. खुनाचे कलम नसेल तर खुनाच्या हेतूंच्या तक्त्यात ते यावे कसे? कोणते कलम लावायचे हा पहिल्या चोवीस तासांतला निर्णय पुढची सारी मोजणी ठरवून टाकतो.

कायदा रकाना निर्माण करतो, ही गोष्ट छत्तीसगढच्या साथींना नव्याने सांगायला नको. टोनही म्हणून बाईला मारझोड होते, हे येथे पिढ्यान्पिढ्या सर्वांना माहीत होते. ठाण्यात त्याची नोंद मारहाण किंवा शेजाऱ्यांचे भांडण अशीच होत असे. २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम झाला. कायद्याने टोनही म्हणण्याची प्रथा संपली असे कोणी म्हणणार नाही. पण त्या प्रथेला नाव मिळाले, कलम मिळाले, आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘शेजारणीशी भांडण’ एवढ्यावर परत पाठवणे अवघड झाले.

दलित आणि आदिवासींवरील अत्याचारांच्या बाबतीत १९८९ च्या कायद्याने हेच केले. त्यामुळे त्यांच्यासाठी त्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरणे आहेत. २०२३ साली अनुसूचित जातींविरुद्ध ५७,७८९ आणि अनुसूचित जमातींविरुद्ध १२,९६० गुन्हे नोंदले गेले. या दुसऱ्या आकड्यात मणिपूर दिसते. २०२२ साली तेथे असा एकच गुन्हा होता, २०२३ साली ३,३९९. मणिपूर जळत असताना सत्ताधारी काय बोलत होते आणि काय बोलत नव्हते ते सर्वांना आठवते. तक्ता मात्र बोलला, कारण त्यात रकाना होता. पण तोही एका डोळ्यानेच पाहतो हे विसरू नका. मैतेई समाज अनुसूचित जमातींत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला आलेली हिंसा त्या प्रकरणात उतरत नाही. आणि धर्मावरून मारल्या गेलेल्या मुसलमानाला किंवा ख्रिश्चनाला असे प्रकरणच नाही. २०२२ च्या डिसेंबरात नारायणपूर आणि कोंडागाव भागांत ख्रिश्चन झालेल्या आदिवासींना घरांतून हाकलण्यात आले. ते आदिवासी, हाकलणारेही आदिवासी. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे दार दोघांच्या मध्ये बंद, आणि धर्माचा रकाना मुळातच नाही. त्या शेकडो कुटुंबांची मोजणी कोठे करायची?

रकाना असूनही तो रिकामा राहू शकतो, हे रायपूर-नागपूर रेल्वेमार्गावर राहणाऱ्या आपल्याला खैरलांजीने शिकवले आहे. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हे कृत्य सूडाचे मानले, जातिद्वेषाचे नव्हे. साऱ्या महाराष्ट्राला जे दिसत होते ते निकालपत्रात दिसले नाही. त्याचे एक कारण कायद्याच्या शब्दांत होते. पीडित व्यक्ती त्या जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला, हे सिद्ध करावे लागत असे. २०१५ साली या कलमाची दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून, पीडित त्या जातीचा आहे हे ‘माहीत असून’ गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरले. दोनच शब्द बदलले. पण हेतू आरोपीच्या मनातून काढून दाखवण्याचे ओझे त्यामुळे हलके झाले. व्याख्या करता येत नाही म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०३ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, पाच किंवा अधिक व्यक्तींच्या गटाने वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या खुनाला वेगळी जागा मिळाली. गंभीर दुखापतीसाठी तशीच तरतूद ११७ व्या कलमात आहे. आरंगची घटना त्याआधी तीन आठवड्यांची. या कलमाच्या यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही. आपण त्याची भाषांतरे तपासताना मी तो दोनदा शोधला. ‘समुदाय’, ‘श्रद्धा’ किंवा ‘तत्सम कारण’ यांत तो बसवता येतो, वकील बसवतीलही. पण ज्या कारणावरून या देशात अशा हत्यांची सर्वाधिक चर्चा झाली तेच कारण नावानिशी लिहिले जाऊ नये, याला मी विसरभोळेपणा म्हणायला तयार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि ती आपल्यालाही लागू आहे. जमावाने केलेली प्रत्येक हत्या द्वेषमूलक नसते. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारले. पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेचे बळी ठरले. गडचिंचल्याला काही तासांत धार्मिक रंग देण्यात आला, इतका की राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची यादीच प्रसिद्ध करावी लागली. नोंद स्वच्छ असेल तर अफवेतून झालेली हत्या अफवेची म्हणून दिसेल आणि द्वेषातून झालेली द्वेषाची म्हणून. नोंद गढूळ ठेवण्याचा लाभ नेहमी त्यालाच होतो ज्याच्याकडे मोठा भोंगा आहे. राईनपाड्याच्या बाबतीत मात्र माझ्या मनात शंका उरते. अनोळखी भटक्यावर संशय लवकर का जातो? गुन्हेगार जमातींचा इंग्रजी कायदा जाऊन सात दशके झाली, तो डोक्यांतून गेला काय? हा प्रश्न तक्त्यात बसणारा नाही, हे मला कबूल आहे.

आता एक अप्रिय गोष्ट. १७ डिसेंबर २०२५ रोजी याच छत्तीसगढच्या सक्ती जिल्ह्यातील एका तरुण मजुराला केरळमध्ये, पालक्काड जिल्ह्यातील वाळयार येथे, जमावाने मारून टाकले. त्याला ‘बांगलादेशी’ म्हटले गेले. तो दलित होता, पोटासाठी गेला होता. त्या वेळी केरळमध्ये डाव्या आघाडीचे सरकार होते. तरीही जमावहत्येचे आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लावावे यासाठी त्याच्या नातेवाइकांना मृतदेह ताब्यात घेण्यास नकार देऊन बसावे लागले. मग सरकारने दखल घेतली, भरपाईही दिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, वाटू नये. आपल्या सरकारच्या ठाण्यातला टेबल तोच असतो, कागद तोच, सवय तीच. मंत्रालयातले माणूस बदलल्याने रोजनामचा आपोआप बदलत नाही. केरळच्या त्या गोष्टीवरून रायपूरच्या भाजप सरकारला आपण प्रश्न विचारू तेव्हा तो प्रामाणिक राहील, तो यामुळेच.

जगातही हा झगडा जुना आहे. लंडनमध्ये २२ एप्रिल १९९३ रोजी स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाची बसथांब्यावर वंशद्वेषातून हत्या झाली. पोलिसांनी तपास वाया घालवला. त्यावरील मॅक्फर्सन अहवालाने १९९९ साली म्हटले की, पीडिताला किंवा अन्य कोणालाही जी घटना वंशद्वेषाची वाटते ती वंशद्वेषाची घटना म्हणून नोंदली जावी. म्हणजे सिद्ध करणे पुढे, नोंदणे आधी. तेथे पुढे आकडे वाढत गेले, आणि त्या वाढीचा काही भाग केवळ नोंद सुधारल्याचा होता. अमेरिकेत १९९० पासून अशी आकडेवारी गोळा करण्याचा कायदा आहे, पण पोलीस खात्यांनी ती पाठवणे ऐच्छिक आहे. अनेक शहरे शून्य कळवतात. खालिद जबारा आणि हेदर हायर यांच्या हत्या साऱ्या अमेरिकेत गाजल्या, द्वेषाचे गुन्हे म्हणून खटले चालले, आणि तरीही देशाच्या द्वेषमूलक गुन्ह्यांच्या आकडेवारीत त्या आल्याच नव्हत्या. त्यांच्याच नावांनी २०२१ साली नोंदणी सुधारण्याचा कायदा करावा लागला. श्रीमंत देशात संगणकांची वाण नाही. वाण असते ती लिहिण्याच्या इच्छेची.

आपल्याकडे ही इच्छा मारण्याचे एक जुने यंत्र आहे. आकडा वाढला की पोलीस अधीक्षकाला जाब विचारतात, घटला की पाठ थोपटतात. गुन्हा न नोंदून आकडा कमी दाखवण्याच्या या रोगाविषयी १९७७ ते १९८१ या काळात काम केलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही लिहिले होते. जो फौजदार द्वेषाचा गुन्हा द्वेषाचा म्हणून लिहील त्याच्या ठाण्याचा आकडा वाढणार, आणि शून्य पाठवणारा शेजारचा फौजदार शांतताप्रिय ठरणार. ही परीक्षापद्धती बदलल्याशिवाय नवे रकाने छापून उपयोग नाही.

मागण्या म्हणून आपण काय मांडावे? प्रथम सूचना रिपोर्टाच्या नमुन्यात, कलम कोणतेही असो, पीडिताच्या म्हणण्यानुसार हल्ल्यामागे धर्म, जात, भाषा, प्रदेश किंवा लिंग यांचा संबंध आहे काय, अशी वेगळी ओळ असावी आणि ती पीडिताच्या शब्दांत भरली जावी. तपासाअंती तो हेतू टिकला नाही तर तसे कारणांसह लिहावे, पण पहिली नोंद खोडू नये. मुख्य गुन्ह्याच्या नियमामुळे हे गळू नये म्हणून त्याची मोजणी निराळी व्हावी. १०३ आणि ११७ या कलमांच्या त्या पोटकलमांखालील गुन्हे जिल्हावार छापले जावेत. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावहत्यांच्या संदर्भात दिलेल्या निकालानुसार प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा नोडल अधिकारी असावयास हवा. आपल्या जिल्ह्यातील त्या अधिकाऱ्याचे नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? मलाही सांगता येत नाही, आणि हा दोष अर्धा सरकारचा, अर्धा आपला.

एक साथी मघाशी म्हणाले की, असा रकाना आपल्याविरुद्धच वापरला जाईल. शंका रास्त आहे. २५ जुलै २०२५ रोजी दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन नन्सना अटक झाली. बजरंग दलाच्या तक्रारीची नोंद तत्काळ झाली, आणि २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने जामीन देईपर्यंत त्या तुरुंगात होत्या. त्यांच्याबरोबरच्या आदिवासी तरुणींनी आपण स्वखुशीने निघालो होतो, उलट आपल्यालाच दमदाटी व मारहाण झाली, असे सांगितले. त्यांना मात्र आपले म्हणणे घेऊन पोलिसांपासून महिला आयोगापर्यंत फिरावे लागले. नोंदीची गती माणूस पाहून बदलते, हे येथे कोणाला सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. पण याचा अर्थ रकाना नको असा होत नाही. रकाना कोणी भरला, किती वेळात भरला, कोणाचा भरला नाही, हेही छापले जावे, असा होतो.

आता आपल्या स्वतःच्या कागदांविषयी, कारण ते माझ्याच टेबलावर येतात. आपल्या शिष्टमंडळांचे अहवाल मनापासून लिहिलेले असतात, आणि पुष्कळदा निरुपयोगी असतात. ‘प्रतिगामी गुंडांनी हल्ला केला, अनेक जण जखमी झाले, पोलिसांनी बघ्याची भूमिका घेतली.’ किती जखमी? कोणत्या ठाण्याची हद्द? गुन्हा क्रमांक काय, कलमे कोणती, आणि ती कोणी सुचवली? हल्लेखोर नेमके कोणते शब्द बोलले? शिव्या असल्या तरी शब्दशः लिहा. हेतूचा पुरावा बहुधा त्या शिवीतच असतो, आणि आपण सभ्यतेपोटी ‘अर्वाच्य भाषा वापरली’ असे लिहून तो पुसून टाकतो. पोलीस पूर्ववैमनस्य लिहितात, आपण प्रतिगामी शक्ती लिहितो. मारले गेलेल्या माणसाचे म्हणणे दोन्ही कागदांवर नसते.

शाखांनी करावयाचे काम अवघड नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार प्रथम सूचना रिपोर्टाची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते. ती त्याच दिवशी घ्यावी. सही करण्यापूर्वी मजकूर वाचून घ्यावा, अक्षरओळख नसेल तर साथीने वाचून दाखवावा. नोंद नाकारली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकाकडे पाठवावी आणि पोच जपून ठेवावी, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कायद्याने पोलिसांना दिली आहे, आणि वैर पसरवण्याचे १९६ वे कलम त्या मुभेत येते. तेव्हा ते चौदा दिवस मोजत राहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार रिपोर्ट पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. ‘संवेदनशील’ म्हणून जे वगळले जातात त्यांचे क्रमांक मधून तुटलेले दिसतात. कोणते क्रमांक तुटले आहेत याची वही प्रत्येक जिल्हा कार्यालयात ठेवता येईल. महिन्याला एक संध्याकाळ पुरते.

तक्रार अर्जाचा एक नमुना मी हिंदीत तयार करून आणला आहे, कारण येथील ठाण्यात मराठी चालणार नाही. त्यात ‘मुझसे पहले मेरा नाम पूछा गया’ यासारख्या वाक्यांसाठी जागा मोकळी सोडली आहे. शब्द तुम्ही तक्रारदाराचे भरायचे, माझे नव्हेत. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत, बेमेतरा आणि जगदलपूरच्या साथींनी थोड्या जास्त घेऊन जाव्यात.